एक नग जपानी जनावर

अचूकता हा माणसाने स्वीकारलेला सर्वांत शेवटचा आणि सर्वांत खरा धर्म आहे, आणि तो ज्या दिवशी बुडेल त्या दिवशी जग बुडायला वेगळं कारण लागणार नाही. ज्योतीराम शेलारने हा विचार मोजक्या शब्दांत बसवून, स्वतःच्या हाताने पाटी रंगवून टूलरूमच्या दारावर लावला होता. पाटी उजवीकडे सात मिलिमीटर कललेली होती. इन्स्पेक्शनच्या उद्धवराव मोहित्यांनी ती मोजली, नापसंतीची चिठ्ठी तीन प्रतींत काढली, आणि एक प्रत ज्योतीरामला, एक फोरमनला आणि एक फाइलला पाठवली, तेव्हा ज्योतीरामला ते कळलं. त्याने पाटी सरळ केली नाही. उद्धवरावांच्या सांगण्यावरून सरळ होण्यापेक्षा ती कललेली बरी, असं त्याने ठरवलं.

पिंपरी आणि चिंचवडच्या मध्ये, जुन्या मुंबई रस्त्याला लागून असलेल्या त्या कंपनीत हे दोघे बारा वर्षं एकमेकांचे वैरी होते. वैर अतिशय सभ्य होतं. इतक्या वर्षांत एकाच्याही तोंडून चुकून अरे-तुरे गेलं नव्हतं. अडुसष्ट साली ज्योतीरामने एकोणीस दिवस खपून पत्रा दाबायची एक डाय बनवली आणि उद्धवरावांनी ती दोन शतांश मिलिमीटरसाठी, म्हणजे केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्शासाठी, नापास केली. ज्योतीराम कॅन्टीनमध्ये सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला की काही लोकांना देव नुसते डोळे देतो, हात देत नाही. उद्धवरावांनी याला तोंडी उत्तर दिलं नाही. पुढच्या नापसंतीच्या चिठ्ठीवर ‘शेरा’ असा रकाना असतो, त्यात त्यांनी लिहिलं: ‘हात आहेत. डोळे तपासून घ्यावेत.’ तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं त्या रकान्यातून चाललं होतं.

आता, म्हणजे ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, टूलरूमचे फोरमन रिटायर होणार होते. टूलरूममध्ये बसायला एकच खुर्ची होती, आणि ती फोरमनची. ज्योतीराम एकोणीस वर्षं व्हाइसपुढे, म्हणजे पोलाद पकडून धरणाऱ्या शिकंज्यापुढे, उभा होता. त्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. थेरगावच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की बसून करायचं काम बघा, नाहीतर दोन वर्षांत बघायला काही उरणार नाही. रोज शिफ्टवरून आला की तो पाय भिंतीला टेकवून पडायचा आणि बायको कौशल्याबाई तेल चोळता चोळता विचारायच्या, “मग, खुर्चीचं काय झालं?” ज्योतीरामला मान नको होता आणि पगारातला फरकही फारसा नव्हता. त्याला बसायचं होतं.

उद्धवरावांना इन्स्पेक्शनमध्ये स्टूल होतं. त्यांनी फोरमनच्या जागेसाठी अर्ज केला होता तो ज्योतीरामला बसता येऊ नये म्हणून.

अशा वेळी एक जपानी पाहुणे आले. कंपनी त्यांच्याकडून एक प्रेस घेण्याच्या विचारात होती. चार तारखेला, सोमवारी, त्यांनी वर्क्स मॅनेजर घोरपडे साहेबांना वाकून नमस्कार केला आणि एक चपटा खोका भेट दिला. खोक्यात पत्र्याची तीन पानं होती. पानांवर एकशे बारा तुकडे कोरलेले. एकेक तुकडा सुटा करायचा, त्याच्या कडेला असलेली जीभ दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत घालायची आणि वळवायची. डाख नाही, स्क्रू नाही. सगळं जमलं की वीतभर उंचीचं एक जनावर तयार व्हायचं. त्यांच्याकडे ते टीव्हीवर कार्टूनमध्ये येतं आणि शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे, असं पाहुणे म्हणाले. नावही सांगितलं, पण ते कुणाला धरता आलं नाही. अठरा तारखेला परत येईन तेव्हा हे आपल्या टेबलावर पाहायला आवडेल, असंही ते म्हणाले.

घोरपडे साहेबांनी खोका घरी नेला, उघडला, आणि बंद करून परत आणला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्योतीराम आणि उद्धवराव दोघांना केबिनमध्ये उभं केलं.

“हे दोघांनी मिळून जोडायचं,” साहेब म्हणाले. “टूलरूम कोण सांभाळू शकतो, ते मला यातून दिसेल.”

साहेबांना माणसांची पारख होती असं म्हणतात. ‘मिळून’ हा शब्द त्यांनी वापरला नसता, तर पुढचं काही घडलं नसतं.

बुधवारी जॉबकार्ड निघालं. त्यावर ‘वस्तूचे नाव’ या रकान्यात उद्धवरावांनी लिहिलं: ‘जनावर (जपानी), एक नग.’ अस्वल लिहावं असं ज्योतीरामचं म्हणणं होतं. उद्धवरावांनी शेपटीकडे बोट दाखवलं आणि अस्वलाला इतकी शेपटी असल्याचा पुरावा मागितला. मग कामाची वाटणी ठरली. ज्योतीरामने तुकडा सोडवायचा, जीभ वळवायची. उद्धवरावांनी मापायचा आणि कार्डावर त्या नंबरापुढे पासचा शिक्का मारायचा. शिक्का नसलेल्या तुकड्याला पुढचा तुकडा लावायचा नाही.

त्याच दिवशी खोक्यावरच्या चित्राचा प्रश्न निघाला. झाकणावर ते जनावर चांगलं हसऱ्या तोंडाने रंगात छापलेलं होतं. उद्धवरावांनी चष्मा पुसून ते पाहिलं आणि म्हणाले, “ह्याला ड्रॉइंग नंबर नाही. तारीख नाही. कोणाची सही नाही. हे ड्रॉइंग नव्हं.” ज्योतीरामला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं पटलं. टूलरूममध्ये सही नसलेल्या कागदावर काम केलेल्या एका माणसाला त्याने कायमचं घरी जाताना पाहिलं होतं. खोका कपाटात कुलपाखाली गेला. हाताशी उरला तो आतला घडीचा कागद. त्यावर नंबर होते, बाण होते, काही रेघा सलग आणि काही तुटक होत्या, आणि मजकूर सगळा जपानी होता.

सलग रेघ म्हणजे जीभ आपल्याकडे वळवायची की पलीकडे, हे ठरवायला तो मजकूर वाचता यायला हवा होता. तो येत नसल्याने दोघांनी अक्कल वापरली. पत्र्याची एक बाजू रंगवलेली होती आणि दुसरी नुसती चकचकीत होती, आरशासारखी. आता, ज्या माणसांनी उभी हयात पोलाद घासून त्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत चकाकवण्यात घालवली, त्यांना कोणती बाजू बाहेर ठेवायची हे सांगावं लागत नाही. टूलरूममध्ये रंग लावतात तो ओतकामातलं वाईट झाकायला, किंवा आतून गंज धरू नये म्हणून. चकाकी बाहेर, रंग आत. ज्योतीराम तसं म्हणाला आणि उद्धवरावांनी मान हलवली. एकाच आठवड्यात हे दुसऱ्यांदा एकमत झालं, तेव्हाच खरं तर दोघांना संशय यायला हवा होता.

संशय आला तो खंडूला. खंडू पॅकिंगला होता, कुरुळीहून सायकलने यायचा. शुक्रवारी काम सुरू झालं तेव्हा तो खोके उचलता उचलता व्हाइसपाशी थांबला.

“आवं शेलारभाऊ, त्येचा रंग आत का चाललाय?”

ज्योतीरामने वर न बघता विचारलं की खंडू, तुला ड्रॉइंग वाचता येतं का.

“न्हाई.”

“मग पॅकिंगचं बघ.”

खंडू पॅकिंगचं बघायला गेला. जाताना तो एवढंच म्हणाला की आमच्या गावाकडं डब्याचं चित्र भाईरनं असतं. त्याच्या या बोलण्याची नोंद कुठल्याही रकान्यात झाली नाही.

काम उत्तम चाललं. ज्योतीरामने त्या जिभांसाठी खास बारीक चोचीची पक्कड घासून तयार केली. उद्धवरावांनी मापायला खास गेज करवून घेतला. शनिवारी उजव्या कानाच्या तुकड्यावर त्यांना नखाएवढा ओरखडा दिसला आणि त्यांनी तो नापास केला. जास्तीचा कान जपान्यांनी दिला नव्हता. ज्योतीरामने कॅन्टीनमधून वनस्पती तुपाचा रिकामा डबा मागवला, त्याचा पत्रा कापला आणि दोन दिवस घासून, चकाकवून तसाच्या तसा कान बनवला. उद्धवरावांनी तो मायक्रोमीटरखाली घातला, काढला, पुन्हा घातला. मग शिक्का मारला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मूळ भागापेक्षा बरा.’ खाली, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून, ‘ही स्तुती नव्हे’ असंही लिहिलं.

दोन पानं संपली. पाय झाले, शेपूट झाली, पोट झालं. सगळं पोलादी भांड्यासारखं झळकत होतं. मधली सुट्टी झाली की इतर खात्यांतली माणसं बघायला यायची आणि हे डुक्कर असल्याबद्दल पैजा लावायची.

बुधवारी, तेरा तारखेला, ज्योतीरामने तिसरं पान हातात घेतलं. चौऱ्याऐंशी नंबरचा तुकडा त्याने पक्कडीने सोडवला, बोटावर उलटा केला, आणि त्याचा हात थांबला. रंगाच्या बाजूला एक डोळा होता. मोठा, गोल, पापणीवर तीन केस असलेला, आनंदाने फुटायला आलेला डोळा. शेजारच्या तुकड्यावर दुसरा डोळा होता. त्याच्या खालच्या तुकड्यावर अर्धं हसू. आणि बेंचवर ठेवलेल्या पोटाच्या आत, अंधारात, वाकून बघितलं तर लाल सदरा आणि पिवळी बटणं होती.

ज्योतीरामच्या पोटरीतून कळ वर आली. त्र्याऐंशी तुकडे. त्याने मनात हिशेब केला: जीभ एकदा वळवली की ठीक, दुसऱ्यांदा उलटी वळवली की तुटते. पत्रा हलका तापवून मऊ केला तर कदाचित दुसरा वळ सोसेल. पण ज्योत नेमकी जिभेवर धरायला एक माणूस हवा आणि त्याच क्षणी वळवायला दुसरा. चार हातांचं काम होतं. वेळ होता, शुक्रवार, शनिवार, रविवार. हात कुणाचे, एवढाच प्रश्न होता.

समोर उद्धवराव शिक्का हातात धरून उभे होते. ते त्या डोळ्याकडे बघत नव्हते. ते ज्योतीरामकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“थांबलात का, शेलार?”

“बघतोय.”

“बघायचं काम माझं की वो. तुम्ही वळवा.”

“उद्धवराव, ह्यावर डोळा आहे.”

“ड्रॉइंगमध्ये डोळा दाखवलाय?”

ज्योतीरामने कागद पाहिला. कागदावर नुसत्या रेघा होत्या. “नाही,” तो म्हणाला.

“मग मला दिसत नाही.”

“शिक्का माराल ह्याच्यापुढे?”

“मापात बसला तर मारीन. नाही बसला तर नाही मारणार. बारा वर्षं दुसरं काय केलं?”

स्पिरिटचा दिवा हाताच्या अंतरावर होता. ‘जरा धरता का’ एवढंच म्हणायचं होतं; तीन शब्द, फुकटचे. त्याने ते तोंडात आणले, जिभेवर फिरवले, आणि मग त्याला अडुसष्ट सालची डाय आठवली. तिच्या वेळी तर कुणीच काही धरलं नव्हतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्याने डोळा आत वळवला. उद्धवरावांनी माप घेतलं. दोन शतांशाच्या आत होतं. शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे पिंपरीच्या कारखान्यांची सुट्टी. ज्योतीराम सकाळीच पाय वर करून पडला आणि छताकडे बघत राहिला. कौशल्याबाईंनी विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्या तेलाची वाटी खाली ठेवून म्हणाल्या की अहो, मग जाऊन सांगा की साहेबांना, चूक झाली म्हणून, माणसाच्या हातून होते. ज्योतीराम म्हणाला, चूक कुणाची, तो प्रश्न आहे. कार्डावर शिक्का त्यांचा आहे. प्रत्येक तुकड्यापुढे. मी उलटं जोडलं असेल, पण ते उलटं आहे हे बघणं ज्याचं काम, त्याने ते चौऱ्याऐंशी वेळा पास केलं. तो जितकं बोलत गेला तितकं त्याला बरं वाटू लागलं. दुपारी तो उठून बसला, पोराची वही मागितली आणि साहेबांच्या सेवेशी एक अर्ज लिहिला. शुक्रवारी सकाळी तो त्याने पाकिटात बंद करून साहेबांच्या स्टेनो इंदुताईंकडे दिला आणि सांगितलं की अठरा तारखेला, काही विचारणा झालीच, तर साहेबांना द्या. इंदुताईंनी पाकिटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, आणि टाइपरायटरकडे वळल्या.

नंतरचे तीन दिवस त्या दोघांनी इतकं मन लावून काम केलं की जुन्या फोरमनांना वाटलं, समेट झाला. एकही तुकडा नापास झाला नाही. हसू आत गेलं. नाक आत गेलं. ज्योतीरामचे पाय इतके सुजले होते की त्याने चपलांचे पट्टे सैल सोडले होते, पण रविवारी संध्याकाळी एकशे बारावी जीभ खाचेत बसली तेव्हा फट कुठेही सापडली नाही. उद्धवरावांनी कागदाची कड घालून पाहिली. ती शिरली नाही.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर हिरवं कापड अंथरून त्यावर ते जनावर ठेवलं होतं. लांबून पाहिलं तर कडी नसलेला स्टीलचा डबा वाटायचा. जवळून पाहिलं तर डब्याला पाय, शेपूट आणि दोन कान असल्याचं लक्षात यायचं. तोंड नव्हतं.

जपानी पाहुण्यांनी आधी ते एका बाजूने पाहिलं. मग समोरची बाजू कोणती हे शोधण्यासाठी टेबलाभोवती एक चक्कर मारली. मग त्यांनी परवानगी मागून ते उचललं, मानेच्या खालच्या छिद्राला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आत कुणीतरी त्यांच्याकडे बघून हसत असावं. त्यांनी ते परत कापडावर ठेवलं, अगदी हळू, आणि इंग्रजीत म्हणाले की काम फार बारीक आहे.

घोरपडे साहेबांनीही छिद्राला डोळा लावला. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा जनावराच्या आतल्या सदऱ्याच्या रंगाचा झाला होता. त्यांनी पाहुण्यांना चहाला पाठवलं आणि दार लावलं.

ज्योतीराम म्हणाला की कार्डावर एकशे बारा शिक्के आहेत, साहेबांनी मोजून घ्यावेत. उद्धवराव म्हणाले की माप तपासणं माझ्याकडे, जुळणी टूलरूमकडे. मापात एकही चूक निघाली तर मी आज नोकरी सोडतो. ज्योतीराम म्हणाला की सोडाच. मग त्याने आपल्या पाकिटाची आठवण करून दिली. त्याच वेळी उद्धवरावही म्हणाले की साहेब, माझं एक पाकीट इंदुताईंकडे आहे.

इंदुताईंनी दोन्ही पाकिटं एकाच फाइलमधून आणून दिली. ती सारख्याच खाकी कागदाची होती. साहेबांनी ती फोडली आणि उभ्याउभ्या वाचून दाखवली.

उद्धवरावांच्या अर्जात लिहिलं होतं: ‘सेवेशी सविनय. सदर जनावराची जुळणी उलट बाजूने होत असल्याचे निदर्शनास आले आहे. टूलरूमने विचारणा न केल्यामुळे कळविलेले नाही.’

ज्योतीरामच्या अर्जात लिहिलं होतं: ‘सेवेशी सविनय. सदर जनावराची जुळणी उलट बाजूने होत असल्याचे निदर्शनास आले आहे. इन्स्पेक्शनने हरकत न घेतल्यामुळे काम चालू ठेवले आहे.’

मग ज्योतीरामने पहिल्या कागदाकडे मान लांब केली.

“त्यांच्या अर्जावर तारीख काय आहे, साहेब?”

“नऊ.”

नऊ म्हणजे शनिवार. म्हणजे तो कान घासत बसला होता, दोन दिवस, सुजल्या पायांवर उभा राहून, तेव्हा ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने तो कान मायक्रोमीटरखाली दोनदा घातला होता.

“तुम्हाला तेराला कळलं, शेलार,” उद्धवराव शांतपणे म्हणाले. “मी म्हणत होतो ना, डोळे तपासून घ्या.”

“उद्धव,” ज्योतीराम म्हणाला, “तू माणूस नाहीस रे.”

बारा वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे झालं होतं. उद्धवरावांचा हात खिशातल्या चिठ्ठ्यांच्या पुस्तकाकडे गेला. साहेबांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवून टाचणी मारली आणि दोघांनाही बाहेर जायला सांगितलं. ज्योतीराम टूलरूमपर्यंत चालत गेला आणि व्हाइसपुढे उभा राहिला. शिफ्ट संपायला अजून सव्वातीन तास होते.

टूलरूमचे नवे फोरमन एक मार्चला रुजू झाले. ते मुंबईच्या हेड ऑफिसातून आले होते, आणि त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर अकरा जानेवारी ही तारीख होती.